पानं तोडायची वेळ

पाव किलो पानं, दोन तास वाफ,
आणि काचेच्या नळीत पाण्यावर तरंगणारं
नखाच्या उंचीएवढं तेल.
पिवळसर. वास असा उग्र
की शेजारच्या खोलीतून जेनिवाल
दार न उघडताच ओरडतो,
"आज पुन्हा आलेक्रिम?"

आज पुन्हा.
आलेक्रिम-पिमेंता: मिरीसारखं चावणारं झुडूप,
सेआराच्या भेगाळल्या जमिनीत
कुणी न लावता येतं, कुणी न विचारता टिकतं.

तिकडे बातुरितेच्या डोंगरात, केळीच्या बागांत
दिवेलागणीला एक माशी उठते,
वाळल्या गवताच्या रंगाची, तिळाहून लहान.
गुणगुणत नाही. चावून जाते.
महिन्याभराने तिथे फोड, मग खड्डा,
कडा उचललेल्या, तळ ओला लाल.
ठणकत नाही, म्हणून कुणी बघत नाही.
बागेतले लोक म्हणतात फेरीदा ब्रावा, पिसाळलेली जखम.
साखळीला असली तर पायापाशी बसते,
सुटली तर काही वर्षांनी
नाकात शिरून आतलं हाड कुरतडते.

सेउ देओक्लेसियोंच्या पोटरीवर ती अकरा महिने बसून आहे.
त्यांना रोज एक सुई होती, वीस दिवस, अँटिमनीची.
चौदाव्या दिवशी छातीचे ठोके चुकायला लागले
आणि डॉक्टरांनी हात आखडता घेतला.
"धातू भरत होते माझ्यात," ते सांगतात,
"मी काय पातेलं आहे, कल्हई करायला?"

मी त्यांना सांगितलं नाही
की मंगळवारी रात्री भिंगाखाली
त्यांच्याच जखमेतले जीव पोहत होते,
लांब शेपटीचे, घाईत असल्यासारखे,
आणि तेलाचा अंश पडल्यावर बुधवारी पहाटे
सगळे थिजलेले. सगळे.
मी एकटीच होते. खुर्चीवरून उठले, पुन्हा बसले.
मग शेजारची बशी पाहिली,
जिच्यात नुसत्या पेशी होत्या, निरोगी, निरपराध.
त्याही गेलेल्या.
सापही मेला, काठीही मोडली.

"त्या बाटलीतलं थोडं दे की."
"नाही देता येणार, सेउ देओक्लेसियो.
काचेत मेलं म्हणजे पायात मेलं असं नसतं."
"मग पाय काचेत घाल माझा,"
म्हणाले, आणि स्वतःच हसले,
आणि मला हसू आलं नाही.

दोना एरोन्दिना तोवर गप्प होत्या,
मांडीवर पिशवी, पिशवीत परतीच्या बसची भाकरी.
त्यांनी बाटली नाकाशी नेली, कपाळाला आठ्या.
"हे दुपारी तोडलंय."
"कशावरून?"
"कशावरून म्हणजे? उन्हाने अर्धं पिऊन टाकलंय.
दव सुकता सुकता तोडावं. कोंबड्यांच्या पायांना लावायचं
तरी आम्ही दुपारी तोडत नाही."

माझ्या वहीत सगळं होतं:
वजन, तापमान, सुकवल्याचे दिवस, गाळणीची जाळी.
वेळ नव्हती.
जेनिवाल जेवून, डुलकी काढून मग व्हॅन काढायचा.

पुढच्या खेपेला सकाळी सातला तोडली पानं.
तेल जरा जास्त आलं, वास निराळा,
पेशींतल्या काही जगल्या.
काहीच. आकडा सरकला, उडी मारली नाही.
अजून उंदीर आहेत, मग कुत्री, मग माणसं,
मग पैसा, जो दर मार्चमध्ये आटतो.
माशीला मार्च माहीत नाही.

वहीत मी नवा रकाना आखला: तोडायची वेळ.
समोर लिहिलं, दोना एरोन्दिना सांगतात.
प्रोफेसर लिंदाउरांनी लाल पेनाने
बाजूला विचारलं: संदर्भ?

मी खाली पत्ता लिहिला.
बातुरितेचा चढ, तिसरं वळण, केळीच्या बागेमागे,
निळं दार. हाक मारावी.
कुत्रं बांधलेलं असतं.